यशाची पुस्तके कोणाची, जाहिरातीची कला कोणाची?

गेल्या पावसाळ्यात आम्ही मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी एका कार्यकर्त्याकडे मुक्कामाला होतो. रात्री जेवणे झाल्यावर त्याच्या धाकट्या भावाने कॉटखालून एक खोके बाहेर ओढले. अभियांत्रिकीची पदवी घेतलेला, तीन वर्षे स्पर्धा परीक्षा देऊन थकलेला मुलगा. खोक्यात पावडरचे डबे होते आणि डब्यांच्या बाजूला पाच पुस्तके. ज्या कंपनीने त्याला आपल्या साखळीत ओढले होते (नाव लिहीत नाही, अशा कंपन्या गल्लोगल्ली आहेत) तिने डब्यांबरोबर पुस्तकांचेही पैसे घेतले होते. रोज दहा पाने वाचायची, म्हणजे माणूस आतून बदलतो आणि माणूस आतून बदलला की माल आपोआप खपतो, असे त्याला शिकवले होते. सहा महिन्यांत माल खपला नव्हता. त्यामुळे आपल्याच आत काहीतरी खोट आहे, अशी त्या मुलाची खात्री होत चालली होती.

थोरला भाऊ म्हणाला, "दादा, याला सांगा, ही भांडवलदारांची पुस्तके फेकून दे म्हणून."

आम्ही तसे सांगितले नाही. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्याने कुणाला पुस्तक फेकायला सांगावे, हे आम्हाला पटत नाही. एक ग्रंथ बाबासाहेबांनी जाळला खरा, पण तो वाचून जाळला. म्हणून त्या रात्री आम्ही त्या मुलाला जे सांगितले, तेच इथे थोडे विस्ताराने मांडतो. व्यक्तिमत्त्व विकासाची आणि जाहिरातीची पुस्तके आपल्या तरुणांनी वाचावीत का? वाचावीत. मात्र त्यांचा इतिहास माहीत करून घेऊन वाचावीत. कारण हा इतिहास आपल्यापासून लपवलेला आहे, आणि त्यात आपल्यासारख्या माणसांचा वाटा फार मोठा आहे.

सुरुवात करू या या साऱ्या पुस्तकांच्या आजोबापासून. सॅम्युएल स्माईल्स या स्कॉटिश लेखकाचे 'सेल्फ हेल्प' हे पुस्तक नोव्हेंबर १८५९ मध्ये लंडनला जॉन मरे या प्रकाशकाने काढले. त्याच महिन्यात त्याच प्रकाशकाने डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'ही काढला होता. स्माईल्सचे पुस्तक आधी दुसऱ्या एका प्रकाशकाने परत केले होते. मरेने काढल्यावर पहिल्याच वर्षी त्याच्या २०,००० प्रती गेल्या. १८७१ मध्ये ते जपानीत गेले आणि तिथल्या तरुणांच्या एका पिढीने ते वाचले. गरीब घरातली माणसे कष्टाने, चिकाटीने कशी मोठी झाली याच्या गोष्टी त्यात आहेत. 'स्वतःला मदत करा' हा मंत्र जगाला दिला तो या पुस्तकाने.

आता हे पुस्तक जन्माला कसे आले ते पाहा. प्रस्तावनेत स्माईल्सने स्वतःच ते सांगितले आहे. उत्तर इंग्लंडमधल्या एका गावात अगदी साध्या परिस्थितीतले दोन-तीन तरुण हिवाळ्याच्या रात्री एकत्र बसून एकमेकांना शिकवू लागले. ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला शिकवायचे. वाचता येणाऱ्याने वाचायला, गणित येणाऱ्याने गणित. बघता बघता शंभराच्या आसपास तरुण जमले. जागा पुरेना. तेव्हा त्यांनी एक कळकट खोली भाड्याने घेतली. त्या खोलीत पूर्वी कॉलऱ्याचा तात्पुरता दवाखाना होता, म्हणून ती घ्यायला कुणी तयार नव्हते. या तरुणांनी ती घेतली आणि मग स्माईल्सला बोलावले की आमच्याशी चार शब्द बोला. ती १८४५ च्या सुमाराची, लीड्समधली व्याख्याने म्हणजे 'सेल्फ हेल्प'चे बी.

म्हणजे 'स्वतःला मदत करा' सांगणारे पुस्तक निघाले ते 'एकमेकांना मदत करा' म्हणणाऱ्या कामगारांच्या रात्रशाळेतून! एकट्या माणसाच्या कर्तबगारीचे गोडवे गाणाऱ्या या पुस्तकाला सामुदायिक प्रयत्नाने जन्म दिला. पुढे शीर्षकामुळे लोक आपल्याला स्वार्थाचा पुरस्कर्ता समजतात, अशी तक्रार स्माईल्सने नंतरच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत केली. पण तोवर उशीर झाला होता. शीर्षक हीच पुस्तकाची जाहिरात असते आणि जाहिरात एकदा बाजारात गेली की लेखकाच्या हाती राहत नाही. वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी चालणारी अभ्यासिका ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती कॉलऱ्याची खोली परकी वाटणार नाही.

दुसरे पुस्तक त्या खोक्यात होतेच: डेल कार्नेगीचे 'हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल'. साल १९३६. कार्नेगी मिसुरीतल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा. आडनावाचे मूळ स्पेलिंग वेगळे होते. ते त्याने पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीच्या नावाशी जुळेल असे बदलून घेतले. दोघांचे नातेगोते काही नव्हते. ही त्याची पहिली जाहिरात म्हणावी लागेल. १९१२ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये १२५ व्या रस्त्यावरच्या वायएमसीएत भाषणकलेचा वर्ग सुरू केला. संस्था त्याला रात्रीचे दोन डॉलर मानधन द्यायलाही तयार नव्हती, म्हणून तो उत्पन्नातल्या वाट्यावर शिकवू लागला. विद्यार्थी कोण? विक्रेते, कारकून, छोटे व्यावसायिक. चारचौघांत उभे राहिले की पाय लटपटणारी माणसे.

पुढच्याच वर्षी, जुलै १९१३ मध्ये, बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. कोलंबिया विद्यापीठ ११६ व्या रस्त्यावर आहे. म्हणजे कार्नेगीचा वर्ग आणि बाबासाहेबांचे ग्रंथालय यांत चालत जाण्याएवढे अंतर. दोघांची गाठ पडली असे आम्ही म्हणत नाही. पण एकाच शहरात, एकाच काळात, हाकेच्या अंतरावर 'व्यक्तिमत्त्व विकासा'च्या दोन शाळा चालू होत्या, हे ध्यानात घ्या. एका शाळेत शिकवत होते की समोरच्याला आवडेल असे बोला, वाद टाळा, हसतमुख राहा. दुसऱ्या शाळेत एक तरुण पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरत होता. चरित्रकार सांगतात की त्याने तिथे सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली. मे १९१६ मध्ये त्याने एका चर्चासत्रात जातीच्या उगमावर जो निबंध वाचला, तो कुणाला आवडेल म्हणून लिहिलेला नव्हता.

कार्नेगीचे पुस्तक वाचू नका असे आम्ही म्हणणार नाही. समोरच्याचे नाव लक्षात ठेवा, त्याचे ऐकून घ्या, आपलीच टिमकी वाजवू नका, हे त्यातले सांगणे आपल्या बऱ्याच वक्त्यांना आधी शिकवले पाहिजे. पण वाद टाळावा, हा सल्ला ज्याच्याकडे आधीच सत्ता आहे त्याच्या सोयीचा आहे. ज्याचे पाणीच तोडले आहे त्याने वाद टाळायचा म्हणजे तहानलेले राहायचे.

तिसऱ्या पुस्तकावर फार वेळ घालवत नाही. नेपोलियन हिलचे 'थिंक अँड ग्रो रिच', १९३७. अँड्र्यू कार्नेगीने १९०८ मध्ये मुलाखतीत आपल्याला श्रीमंतीचे गुपित सांगितले, असा हिलचा दावा. अँड्र्यू कार्नेगी १९१९ मध्ये वारला. खरे-खोटे सांगायला तो उरला नाही. त्याच्या आयुष्याचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या चरित्रकाराला या भेटीचा पुरावा सापडलेला नाही. शिवाय त्या श्रीमंतीच्या गुपितात होमस्टेडचा पोलाद कारखाना येतो का? तिथे १८९२ मध्ये संपावरच्या कामगारांवर खासगी बंदूकधारी आणले गेले आणि दोन्ही बाजूंची माणसे मेली. हिलच्या पुस्तकात गरिबी हे मनाचे दुखणे आहे. असे म्हटले की मजुरी, जमीन, जात, वर्ण हे सगळे प्रश्न एका फटक्यात मिटतात, आणि माल न खपलेला मुलगा आपल्याच मनात खोट शोधत बसतो.

आता दुसऱ्या जातीच्या पुस्तकांकडे येऊ. जाहिरातीच्या. आम्ही तरुणांना नेहमी सांगतो की व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके वाचण्याआधी जाहिरातीची वाचा. कारण पहिली पुस्तके तुमच्यावर जो प्रयोग करतात त्याची कृती दुसऱ्या पुस्तकांत उघडपणे लिहिलेली आहे. जादूगाराचा खेळ बघण्याआधी त्याची पेटी उघडून बघावी, तसे हे.

यातले अव्वल पुस्तक म्हणजे क्लॉड हॉपकिन्सचे 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग', १९२३. छोटेसे, शंभर-सव्वाशे पानांचे. हॉपकिन्स मिशिगनचा. शिकागोच्या लॉर्ड अँड थॉमस या कंपनीने त्याला त्या काळात वर्षाला १,८५,००० डॉलर पगार दिला. त्याचे म्हणणे सोपे होते. जाहिरात म्हणजे छापलेला विक्रेता. दारोदार फिरणारा विक्रेता जे बोलणार नाही ते जाहिरातीत लिहू नका. मोघम बोलू नका, नेमके बोला, आकडा सांगा. मथळा असा द्या की ज्याच्यासाठी लिहिले आहे तो थांबेल. बाकीचे गेले तरी चालतील. आणि प्रत्येक जाहिरातीला एक कुपन जोडा, म्हणजे कोणत्या जाहिरातीने किती माणसे हलली हे मोजता येईल.

त्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. श्लिट्झ नावाच्या बिअर कंपनीने त्याला काम दिले. सगळ्या कंपन्या 'आमची बिअर शुद्ध' असे मोठ्या अक्षरांत छापत होत्या. हा गडी आधी कारखाना बघायला गेला. तिथे गाळलेली हवा भरलेल्या काचेच्या खोल्या होत्या, हजारो फूट खोल विहिरी होत्या, बाटल्या चार-चारदा यंत्राने धुतल्या जात होत्या. तो थक्क झाला. मालक म्हणाले, "यात काय विशेष? सगळेच असे करतात." हॉपकिन्स म्हणाला, करतात सगळे, सांगत कुणीच नाही. त्याने ते सगळे बारकाईने लिहिले, आणि त्याच्याच सांगण्याप्रमाणे काही महिन्यांत पाचव्या क्रमांकावरची कंपनी पहिलीच्या बरोबरीला आली.

आमचे कार्यकर्ते वस्तीत रात्रंदिवस काम करतात. दाखले काढून देतात, दवाखान्यात रात्री जागतात, मुलांचे प्रवेश करून देतात. विचारले तर म्हणतात, "यात काय विशेष?"

पण हॉपकिन्सची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्हीही जाहिरातच केली असे होईल. याच माणसाने 'लिक्वोझोन' नावाचे सर्वरोगहारी औषध अमेरिकाभर खपवले. १९०५ मध्ये 'कोलियर्स' साप्ताहिकात सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराने (आडनावसारखेपणा निव्वळ योगायोग) खोट्या औषधांवर लेखमाला चालवली आणि हे औषध म्हणजे पाण्यात थोडे आम्ल आहे हे चव्हाट्यावर मांडले. त्या हलकल्लोळातून १९०६ चा अन्न व औषध शुद्धतेचा कायदा आला. तर हे पुस्तक वाचताना दोन गोष्टी जोडीने ध्यानात ठेवा: नेमकेपणाची कला खरी आहे, आणि ती खोट्यासाठीही तितकीच चालते.

डेव्हिड ओगिल्व्ही या पुढच्या पिढीतल्या जाहिरातवाल्याने लिहून ठेवले आहे की हॉपकिन्सचे पुस्तक सात वेळा वाचल्याशिवाय कुणाला जाहिरातीच्या धंद्यात पाऊल ठेवू देऊ नये. ओगिल्व्ही तरुणपणी स्कॉटलंडमध्ये दारोदार स्वयंपाकाच्या शेगड्या विकत होता. त्याचे 'कन्फेशन्स ऑफ ॲन ॲडव्हर्टायझिंग मॅन' १९६३ मध्ये आले. वाचायला मोठे मजेदार. पण हे पुस्तक आपण का लिहिले, हे त्याने पुढे स्वतःच सांगून टाकले: कंपनीला नवी गिऱ्हाइके मिळावीत, शेअर बाजारात जाण्याआधी हवा तयार व्हावी आणि आपले नाव व्हावे. तिन्ही हेतू साधले. निदान हा माणूस प्रामाणिकपणे सांगतो तरी! बाकीचे 'तुमच्या कल्याणासाठी' लिहितात.

एडवर्ड बर्नेझचे नाव आपल्याकडे कमी ऐकू येते. हा सिग्मंड फ्रॉइडचा भाचा. १९२८ मध्ये त्याने 'प्रोपगंडा' याच नावाचे पुस्तक लिहिले. लोकशाहीत जनमत घडवणारे मूठभर लोक पडद्याआड असतात आणि असावेत, असे तो त्यात बिनदिक्कत मांडतो. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तरुणींना सिगारेटी ओढायला लावून त्याने त्याला स्त्रीस्वातंत्र्याचे रूप दिले. पैसे तंबाखू कंपनीचे होते. मुक्तीची भाषा बाजार कसा पळवतो याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण आम्हाला माहीत नाही. निळा रंग आणि 'जय भीम' टी-शर्टांवर छापून विकणाऱ्या कंपन्या पाहिल्या की आम्हाला ती मिरवणूक आठवते. मात्र याच बर्नेझने १९२० मध्ये एक वेगळे काम केले होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे अधिवेशन त्या वर्षी अटलांटात, म्हणजे वर्णद्वेषाच्या बालेकिल्ल्यात, पहिल्यांदाच भरले. त्याच्या प्रसिद्धीचे काम बर्नेझकडे होते.

इथून आपण खऱ्या मुद्द्याकडे येतो. वर सांगितलेली पुस्तके गोऱ्या अमेरिकेच्या जाहिरातवाल्यांची आहेत. पण या कलेचे सर्वांत अस्सल नमुने आम्हाला दुसरीकडेच सापडले.

फ्रेडरिक डग्लस हा गुलाम म्हणून जन्मलेला मुलगा. बाल्टिमोरमध्ये मालकिणीने त्याला अक्षरे शिकवायला सुरुवात केली तेव्हा मालकाने तिला थांबवले: शिकला तर हा गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. मुलाने ते ऐकले आणि वाटेतल्या गोऱ्या पोरांकडून उरलेली अक्षरे मिळवली. बारा वर्षांच्या आसपासचा असताना त्याने बूट पॉलिश करून साठवलेल्या पन्नास सेंटना एक पुस्तक विकत घेतले: 'द कोलंबियन ऑरेटर'. शाळकरी मुलांना भाषण शिकवण्यासाठी १७९७ मध्ये काढलेला निवडक भाषणांचा संग्रह. त्यात मालक आणि पळून जाऊन पकडला गेलेला गुलाम यांचा एक संवाद आहे; गुलाम मालकाचा प्रत्येक मुद्दा खोडून काढतो आणि शेवटी मालक त्याला मुक्त करतो. व्यक्तिमत्त्व विकासाचे पुस्तक म्हणायचे तर हे! त्याने डग्लसला हसतमुख राहायला शिकवले नाही, वाद घालायला शिकवले.

पुढे डग्लसने आत्मचरित्र लिहिले (१८४५), वर्तमानपत्र काढले, आणि आणखी एक गोष्ट केली जिच्याकडे आपल्या लोकांचे लक्ष जात नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ज्याची सर्वांत जास्त छायाचित्रे काढली गेली त्या व्यक्तींत तो अग्रभागी होता. आजवर सुमारे १६० वेगवेगळी सापडली आहेत. त्या काळी कृष्णवर्णीय माणूस चित्रांत दिसे तो दात विचकणारा, विदूषकासारखा. डग्लस मुद्दाम चांगला सूट घालून, गंभीर चेहऱ्याने, कॅमेऱ्याकडे रोखून पाहत बसे. माझा चेहरा तुम्ही रंगवायचा नाही, मी दाखवीन तोच खरा, असा तो पवित्रा होता. बाबासाहेबांचा सूट-टाय काहींना आजही का खुपतो, याचे उत्तर इथे आहे.

आयडा बी. वेल्स ही मेम्फिसची शिक्षिका, पत्रकार. मार्च १८९२ मध्ये तिच्या तीन ओळखीच्या माणसांना जमावाने तुरुंगातून ओढून मारले. त्यांचा गुन्हा असा की त्यांचे किराणा दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदारापेक्षा चांगले चालत होते. तिने वर्तमानपत्रात लिहिले तेव्हा जमावाने तिचा छापखाना फोडला. ती त्या वेळी बाहेरगावी होती म्हणून वाचली. पुढे तिने १८९५ मध्ये 'द रेड रेकॉर्ड' ही पुस्तिका काढली. त्यात लिंचिंगचे आकडे आहेत, आणि ते कुठून घेतले? 'शिकागो ट्रिब्यून' या गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रातून. काळी बाई अतिशयोक्ती करते असे म्हणायला जागाच ठेवली नाही. शिवाय ती १८९३ आणि १८९४ मध्ये ब्रिटनला जाऊन व्याख्याने देऊन आली. ब्रिटन का? कारण दक्षिणेचा कापूस ब्रिटन घेत होता. गिऱ्हाइकाने नाक मुरडले की दुकानदार हलतो, हे तिला हॉपकिन्सच्या पुस्तकाच्या तीस वर्षे आधी माहीत होते.

आणि आता ती जाहिरात. २३ नोव्हेंबर १९२२ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये एनएएसीपीने पानभर जाहिरात दिली. शीर्षकात तिला 'अमेरिकेची लाज' म्हटले होते. प्रतिनिधीगृहाने जानेवारीत डायर यांचे लिंचिंगविरोधी विधेयक मंजूर केले होते आणि ते सिनेटपुढे पडून होते. पैसे काही अंशी कृष्णवर्णीय स्त्रियांनी उभारलेल्या लिंचिंगविरोधी मोहिमेतून आले होते. मेरी टॅल्बर्ट त्या मोहिमेच्या पुढारी. जाहिरात वाचणाऱ्याला सुरुवातीलाच विचारते की माणसांना जिवंत जाळणारा देश पृथ्वीवर आपलाच आहे हे ठाऊक आहे का. मग आकडा: १८८९ ते १९२२ या काळात ३,४३६ माणसे मारली गेली. मग मारण्याची कारणे: गोऱ्या मुलाच्या मोटारीला वाट दिली नाही, उलट बोलला, आधी मारलेल्या माणसाचा नातेवाईक होता. मग वाचकाच्या मनातला आक्षेप जाहिरात स्वतःच काढते: हे लोक बलात्कारी असतील म्हणून मारले असतील ना? उत्तर: ३,४३६ पैकी फक्त ५७१ जणांवर, म्हणजे १७ टक्क्यांहून कमी लोकांवर, तसा नुसता आरोप तरी होता. मारलेल्यांत ८३ स्त्रिया होत्या. शेवटी करायचे काय ते एका ओळीत: तुमच्या सिनेटरला आज तार करा.

मथळा, नेमका आकडा, आक्षेपाचे उत्तर, ठरावीक कृती. हॉपकिन्सचे पुस्तक पुढच्या वर्षी आले. आमचा दावा इतकाच की ज्यांच्या मानेला दोर आहे ते ही कला पुस्तकावाचूनही शिकतात, कारण त्यांना चूक परवडत नाही. त्या जाहिरातीने विधेयक वाचले का? नाही. डिसेंबरमध्ये दक्षिणेच्या सिनेटरांनी बोलत राहून सभागृहाचे कामकाज अडवले आणि विधेयक मागे पडले. लिंचिंगला संघराज्याचा गुन्हा ठरवणारा कायदा व्हायला २०२२ साल उजाडले. जाहिरात चांगली असली म्हणजे सत्ता नमते असे नाही. हेही कोणते यशाचे पुस्तक सांगत नाही.

आपल्याकडे याच सुमाराला काय चालले होते? ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले होते. नवे पाक्षिक निघते आहे एवढे लोकांना कळावे म्हणून 'केसरी'कडे जाहिरात पाठवली. पैसे देऊन छापायची जाहिरात, फुकट नव्हे. 'केसरी'ने ती छापली नाही. टिळक तेव्हा हयात होते. बाबासाहेबांच्या चरित्रात याची नोंद आहे. हॉपकिन्स आणि ओगिल्व्ही यांच्या पुस्तकांत जाहिरात कशी लिहावी याची प्रकरणेच प्रकरणे आहेत, पण एक प्रकरण त्यांना सुचलेच नाही: जाहिरात उत्तम आहे, पैसे रोख आहेत आणि तरीही पान मिळत नाही, कारण तुमची जात. तेव्हा पान स्वतःचेच काढावे लागते. मूकनायक, बहिष्कृत भारत, जनता, प्रबुद्ध भारत हा या न लिहिलेल्या प्रकरणाचा क्रम आहे.

त्या पाक्षिकाचे नाव पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणा. मुक्यांचा नायक. हजार पानांच्या ग्रंथात मावणार नाही ते त्या एका शब्दात आहे. जाहिरातीतला मथळा कसा असावा हे शिकायचे असेल तर तिथून सुरुवात करा.

आणि आता आपल्याकडेच बोट वळवतो. यंदाच्या चौदा एप्रिलला आम्ही मुद्दाम हिंडून फ्लेक्स बघितले. एका चौकात एकाच खांबावर चार. प्रत्येकावर वीस-पंचवीस चेहरे, गॉगल लावलेले, मोबाईल कानाला लावलेले, खाली 'शुभेच्छुक'. बाबासाहेबांचा फोटो कोपऱ्यात, आणि मजकूर शून्य. जाणाऱ्याने काय करावे, कुठे यावे, काय वाचावे, कशाविरुद्ध उभे राहावे, याचा एक शब्द नाही. वस्तीतल्या पोरांनी घरोघरी वर्गणी काढून ज्यावर पैसा घातला त्यात आकडा नाही, प्रश्न नाही, मागणी नाही. आमच्या आयाबायांच्या कष्टाच्या पैशांतून आपण आपल्याच चेहऱ्यांची जाहिरात करतो, आणि मग प्रस्थापितांची माध्यमे आपल्याला दाखवत नाहीत म्हणून ओरडतो. दाखवत नाहीत हे खरेच आहे. पण जो खांब आपल्या हातात आहे त्यावर आपण काय लावले?

तर वाचनाचा क्रम आम्ही त्या मुलाला असा दिला. आधी डग्लसचे आत्मचरित्र. छोटे आहे, चार रात्रींत होते. मग हॉपकिन्स, पण सोबत वही घेऊन. प्रत्येक नियमापुढे आपल्या वस्तीतले एक उदाहरण लिहायचे. मग रॉबर्ट चियाल्डिनीचे 'इन्फ्लुएन्स' (१९८४). हा मानसशास्त्राचा प्राध्यापक आपण सहज फसतो म्हणून वैतागला आणि ओळख लपवून विक्रेत्यांच्या प्रशिक्षण वर्गांत जाऊन बसला. साखळीच्या कंपनीने आपल्याला नेमके कुठे पकडले, हे त्या मुलाला त्याच पुस्तकात सापडेल. बुकर टी. वॉशिंग्टनचे 'अप फ्रॉम स्लेव्हरी' (१९०१) आणि डू बॉईसचे 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' (१९०३) जोडीनेच वाचायची, एकटे एक नाही. पहिला म्हणतो आधी हातात कसब आणि पैसा येऊ द्या, हक्कांचे नंतर पाहू. दुसरा म्हणतो मताचा हक्क आणि उच्च शिक्षण सोडून मिळालेला पैसा टिकणार नाही. पहिले पुस्तक वाचून श्रीमंतांनी टस्कीगीच्या शाळेला भरभरून देणग्या दिल्या, अँड्र्यू कार्नेगीने तर १९०३ मध्ये सहा लाख डॉलर दिले. कोणते पुस्तक कुणाला आवडले, हेही वाचायचे असते. याच डू बॉईसना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते. बाकी खोक्यातली पुस्तके, हिलसुद्धा, सगळ्यात शेवटी. तोवर ती घरात राहिली तरी बिघडत नाही.

मुलाने डबे परत केले. पैसे अर्धेच मिळाले. हॉपकिन्स त्याने मोबाईलवर वाचला आणि फेब्रुवारीत आम्हाला फोन केला. दादा, यंदा आमच्या मंडळाच्या फ्लेक्सवर एकही चेहरा नको, फक्त एक आकडा: आपल्या तालुक्यातल्या वसतिगृहांतल्या किती मुलांची शिष्यवृत्ती अजून जमा झालेली नाही, आणि खाली, अर्ज घेऊन अमुक दिवशी अमुक ठिकाणी या. आम्ही म्हटले, उत्तम, आकडा किती? तो गप्प झाला. आकडा कुणालाच माहीत नव्हता. मंडळातल्या अकरा पोरांनी वह्या घेतल्या आणि वसतिगृहे वाटून घेतली. चौदा एप्रिल आली तेव्हा मोजणी अर्धीच झाली होती, म्हणून त्यांनी फ्लेक्स लावला नाही. मोजणी अजून चालू आहे.